दिसायला सरळ पाय

बसमध्ये एक आजी मला जागा द्यायला उठल्या तेव्हा बाबा दाराजवळचा दांडा धरून उभे होते आणि हे सगळं बघत होते. म्हणजे आधी बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि अडचणीच्या वेळी काच कशी फोडावी याची जी सूचना खिडकीवर चिकटवलेली असते ती वाचायला घेतली. इतकं मन लावून वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आजी सत्तरीच्या बऱ्याच पुढे असाव्यात, माझी तिशी नुकती उलटलेली. मी "नको नको, तुम्ही बसा" म्हणालो, पण ते अशा आवाजात की त्याचा अर्थ "लवकर उठा" असाच व्हावा, कारण डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला एव्हाना कुणीतरी ओल्या कापडाचा पिळा घालायला सुरुवात केली होती. "बस रे बाळा," आजी म्हणाल्या, "माझा आता जुना झालाय." त्यांनी आपल्या खुब्यावर टिचकी मारली, जुन्या मडक्यावर मारावी तशी. मग मी बसलो. बसलो म्हणजे डावा पाय पुढे लांब सोडून, मागे रेलून, हनुवटी वर, असा एखाद्या जहागीरदारासारखा. कारण मला खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकायला मनाई आहे आणि अशी मनाई असलेला माणूस कुठेही बसला तरी उर्मटच दिसतो. माझ्यासमोर एक म्हातारी वरचा पट्टा धरून डुलत उभी आणि मी जहागीरदार. "आणि काठी चुकीच्या हातात धरलीयेस," आजी म्हणाल्या. "पाय डावा ना? मग काठी उजवीकडे." त्या हळू बोलत होत्या असा त्यांचा समज होता. अर्ध्या बसने माझा पाय तपासला. उरलेल्या अर्ध्या बसला दिसत नव्हता, म्हणून तिने मान उंच केली.

काठी कुठल्या हातात धरायची हे मला हॉस्पिटलात दाखवलं होतं. पण डावा पाय अधू असला की काठी डावीकडेच शोभते. असा पुतळा मला उभा करायला सांगितला तर मी काठी डावीकडेच देईन आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटणार नाही. माझा धंदाच तो आहे. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या शोकेसमध्ये मी पुतळे सजवतो. पुतळ्याला पँट चढवायची तर त्याचा एक पाय खुब्यातून काढावा लागतो, हे लोकांना ठाऊक नसतं. एक हात पोटावर, एक मांडीखाली, जरासं उचलायचं आणि पिळायचं. खट् होतं. मग पँट, मग पुन्हा पाय, पुन्हा खट्. सर्जननी मला टेबलावरचा प्लॅस्टिकचा खुबा उघडून दाखवला तेव्हा तसाच खट् आवाज झाला. मी म्हणालो, "हे मी रोज करतो." त्यांनी विचारलं, "काय करता?" मी म्हणालो, "खुबे बसवतो." ते हसले नाहीत. बाबाही हसले नाहीत. माझ्या खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पोचेनासं झालं होतं आणि ते डोकं मेलं होतं, असं सर्जननी सांगितलं. म्हणजे मी तिथे खुर्चीवर बसून विनोद करत होतो आणि माझा एक भाग माझ्याआधीच वारला होता, तोही मला न कळवता. त्या क्षणी मला दुःख झालं असतं तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. म्हाताऱ्या माणसांना होणारी गोष्ट मला झाली होती, रांग मोडून पुढे घुसल्यासारखी.

नवा सांधा उत्तम बसलाय. एक्स-रेच्या फोटोत तो इतका सुबक दिसतो की तो शोकेसमध्ये ठेवायला माझी हरकत नसेल. प्रश्न स्नायूचा आहे. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, आपण ज्यावर हात ठेवून कुणाची वाट बघत उभे राहतो तिथे, एक पंख्यासारखा स्नायू असतो. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला पडू न देणं एवढंच त्याचं काम. ऑपरेशनात तो बाजूला ओढावा लागतो, दुखावतो, सुजतो. बहुतेकांची सूज उतरते आणि ताकद भरू लागते. "काहींच्यात ती आतल्या आत मुरते," सर्जन म्हणाले. मुरते हा शब्द ऐकायला फार चविष्ट वाटला. सूज मुरली की स्नायू व्यायामाला दाद देत नाही. सांगितलेलं त्याला ऐकू जात नाही. आई शेजारी सांगते, "त्याचा पाय रुसलाय." आणि मला तर त्या पायावर उभं राहायचं आहे, कारण आमच्या शोकेसचा उंबरा माझ्या गुडघ्याच्याही वर आहे. कवेत एक पुतळा घेऊन, एका पायावर उभं राहून, दुसरा पाय त्या उंबऱ्यापलीकडे टाकावा लागतो, आणि आत जागा इतकी चिंचोळी की चढायचं ते डाव्याच पायावर. कंबर पडली की मी पडणार, पुतळा पडणार, आणि काचेपलीकडे रस्ता असतो. सध्या गल्ल्यावरचा माणूस माझं काम करतो. त्याने सगळ्या पुतळ्यांचे उजवे हात वर केले आहेत. आई बघून आली. म्हणाली, सगळे बाहेर जायची परवानगी मागताहेत असं वाटतं. मालकीणबाईंचा दर आठवड्याला फोन येतो. त्या तब्येत विचारत नाहीत, "चढता येतंय का तेवढं सांग" म्हणतात. मी दर वेळी "आता येईलच" म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर कानाची पाळी गरम लागते.

बस हॉस्पिटलपाशी थांबली तेव्हा आजीही उतरल्या. उतरताना त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" बाबा म्हणाले, "वडील." मध्ये अगदी बारीकसा विराम होता. एखाद्याने नाव विचारल्यावर आपण खरं सांगायचं की नाही ते ठरवतो तेवढा. बाबा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. निवृत्त झाले तरी त्यांची शिट्टी निवृत्त झालेली नाही, ती दाराच्या खुंटीवर असते. घरी माझे व्यायाम तेच करून घेतात. मला उजव्या कुशीवर झोपवतात, दोन पायांत उशी ठेवतात आणि भिंतीला पाठ लावून उभे राहतात, मैदानात उभे राहायचे तसे. "गुडघा सरळ. अंगठा छताकडे. उचल." शिट्टी. पाय वर. "टिकव." शिट्टी. सुरुवातीला पाय उशीवरून उठतच नव्हता. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. त्यात चीड असती तर मी काही म्हणालो नसतो, पण तो लहान मुलाच्या स्पर्धेला आलेल्या पालकांचा चेहरा होता, आणि हा चेहरा त्यांनी माझ्या लहानपणी कधी केला नव्हता. मग एक दिवस माझं अंग कणभर मागे कललं, अंगठा नीट छताकडे वळला आणि पाय सुरेख वर गेला. बाबांनी शिट्टी तोंडातून काढली. "शाबास," म्हणाले. तेव्हापासून पाय रोज वर जाऊ लागला. आधी पलंगाच्या कठड्याएवढा, मग कपाटाच्या मुठीएवढा. बाबांनी हे वरच्या मजल्यावर सांगितलं, खालच्या मजल्यावर सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. त्या कलण्यात काहीतरी आहे हे मला ठाऊक होतं असं नाही. ठाऊक नव्हतं असंही नाही. पाय वर उचललेला कसा दाखवायचा हे माझ्या हातांना फार वर्षांपासून येतं. ते माझ्या कमरेलाही येत असेल, तर मी कमरेला काय म्हणणार.

व्यायामाच्या हॉलमध्ये आमची सगळी मंडळी होती. खुबे बदललेली, गुडघे बदललेली, सगळी माझ्या दुप्पट वयाची. ती मला धाकटे म्हणतात. "या धाकटे." बसमधल्या आजी शेजारच्याच टेबलावर चढून बसल्या होत्या. फिजिओ माझ्याच वयाची आहे, म्हणून मी तिच्यासमोर पोट आत घेतो. खुब्याचा आणि पोटाचा काही संबंध नसला तरी घेतो. एरवी बाबा हॉलच्या बाहेर बाकावर थांबतात. आज ते आत आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हे मला तेव्हा दिसलं. "घरी करता ना नीट?" फिजिओने मला विचारलं, आणि उत्तर बाबांनी दिलं, "करतो म्हणजे? मी करून घेतो. दाखव रे." मी कुशीवर झालो. शिट्टी नव्हती, पण बाबांनी श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. पाय वर गेला. कपाटाच्या मुठीएवढा, वर आणखी थोडा. शेजारच्या टेबलावरून आजी म्हणाल्या, "अरे वा, धाकटे." बाबांनी हॉलभर एक नजर फिरवली, संघ मैदानात उतरवल्यावर फिरवतात तशी.

"छान," फिजिओ म्हणाली आणि तिने आपला तळवा माझ्या खुब्याच्या बाजूवर ठेवला. "आता करा." मी केलं. "परत." परत केलं. तिने हात तसाच ठेवला, घरात कुणी आहे का म्हणून दाराला कान लावल्यासारखी. "इथे काही नाहीये," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "काही नाही म्हणजे?" "पाय वर जातोय काका, पण हा स्नायू काही करत नाहीये. अंग मागे कलतंय, अंगठा वर होतोय, म्हणून मांडीचा पुढचा भाग आणि कंबर मिळून उचलताहेत. हा झोपलाय." बाबा म्हणाले, "पण गुडघा सरळ होता." ती म्हणाली, "हो, गुडघा फारच छान सरळ होता," आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली. ती कुजकेपणाने म्हणाली असती तर आम्ही दोघे वाचलो असतो. मग तिने माझी पावलं भिंतीकडे वळवली, कंबर दोन्ही हातांनी खोक्यासारखी सरळ उभी केली आणि म्हणाली, "आता उचला." मी उचललं. म्हणजे मी सांगितलं. पाय उशीवर पडून राहिला. मी पुन्हा सांगितलं. माझ्या कपाळाला घाम आला, जबडा आवळला गेला, उजव्या हाताची मूठ वळली, घरातले सगळे कामाला लागले आणि ज्याच्याकडे काम होतं तो तेवढा उठला नाही. मला बाबांचे बूट दिसत होते. फक्त बूट. ते हलत नव्हते. "उभे राहून बघू," फिजिओ म्हणाली. डाव्या पायावर उभा राहून मी उजवा उचलला आणि माझी कंबर उजवीकडे अशी गळाली, जशी शर्टाची हँगरवरची एक बाजू सुटते. "आजी, जरा यांना दाखवता?" आजी टेबलावरून उतरल्या, बदललेल्या खुब्यावर उभ्या राहिल्या, दुसरा पाय उचलला आणि तशाच उभ्या राहून केसांतला आकडा नीट केला. हॉलमधले सगळे एकदम आपापल्या कामात गर्क झाले. कुणी हसलं नाही. एक गुडघेवाले आजोबा तर भिंतीकडे तोंड करून व्यायाम करू लागले, त्यांचा व्यायाम तसा नसताना. मी फिजिओला उंबऱ्याचं विचारलं. ती म्हणाली, "इतक्यात नाही. पडलात तर सांधा निखळेल. हा जागा होऊ दे. पाय किती वर जातो ते बघूच नका. हात ठेवून बघायचं, आत घट्ट होतंय का. घरी कुणी आहे ना, हात ठेवायला?" मी म्हणालो, "आई आहे." बाबाही त्याच क्षणी म्हणाले, "हो, ही आहे ना."

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. बाबा बसमध्ये बसत नाहीत, तो त्यांचा नियम आहे; चालत्या गाडीत तोल सावरणं हा फुकटचा व्यायाम. आज ते माझ्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या डाव्या हातातली काठी काढून घेतली आणि उजव्या हातात दिली. "मुलांना मी असंच शिकवलं," ते म्हणाले. "सगळ्यांना. गुडघा सरळ, अंगठा वर." मी म्हणालो, "त्यांचे खुबे चांगले होते, बाबा." हा माझ्या बऱ्या विनोदांपैकी एक होता. ते हसले नाहीत, पण त्यांनी तो ऐकला. मला शाळेतलं एक संचलन आठवत होतं. पालकांसमोरचं. माझं पाऊल कायम चुकायचं, म्हणून बाबांनी, म्हणजे तिथे मास्तरांनी, मला शेवटच्या रांगेत टाकलं होतं, आणि स्वतःचाच मुलगा असल्यामुळे ते जरा मोठ्यांदा टाकलं होतं. मी तेव्हा एक गोष्ट शोधून काढली. हात खूप उंच झोकले की लोक पायांकडे बघत नाहीत. मी असे हात झोकले की पुढच्या रांगेतल्याच्या मानेला लागले. घरी गेल्यावर बाबा बूट काढता काढता म्हणाले, "हात छान होते." त्यांना कळलं होतं का, की त्यांनाही हातच दिसले, हे मी त्या दिवसापासून ठरवू शकलेलो नाही. बूट आता ते माझेही काढतात. मला वाकता येत नाही, म्हणून रोज सकाळी ते माझ्यासमोर एका गुडघ्यावर बसतात आणि माझ्या पायात मोजा चढवतात. पावलाला बोट लागू नये असे, कडेकडेने. मी पुतळ्यांना मोजे घालतो तेव्हा माझी नजर मोज्याच्या शिवणीवर असते. पुतळ्याची नजर कुठे असते, ते मला आता माहीत आहे. समोर, थोडी वर, जिथे कुणी नसतं तिथे.

घरी आल्यावर आईने पदराला हात पुसले आणि मोठ्या उत्साहाने एक हात माझ्या खुब्यावर ठेवला. "उचल." मी कंबर सरळ ठेवली, पावलं भिंतीकडे, आणि सांगितलं. "काही लागतंय?" मी विचारलं. "सगळंच मऊ लागतंय," ती म्हणाली. "तू लहानपणापासून तिथे मऊच आहेस." मग तिने हात जरा खाली नेला, जरा वर नेला, एकदा भलतीकडेच नेला आणि तिला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि हसताना काय घट्ट होतं आणि काय होत नाही हे समजायला मार्ग राहिला नाही. "मला नाही बाई जमत," ती म्हणाली. "अहो, तुम्हीच या. तुमचा विषय आहे." बाबा बाहेरच्या खोलीत होते. ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." ते हे ज्या आवाजात म्हणाले त्या आवाजात मी त्यांना काहीही म्हणताना ऐकलं नव्हतं. आई बाहेर गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. मग मोरीत पाणी वाजलं, बराच वेळ, आणि बाबा आत आले ते ओले हात वर धरून, सर्जनसारखे. शिट्टी खुंटीवरच होती. त्यांनी हात पुसले, पलंगाच्या कडेला बसले आणि तळवा माझ्या खुब्याच्या बाजूवर ठेवला. आधी नुसती बोटं. मग सगळा. हा माणूस मला कधी असा हात लावून बसला होता, हे आठवायचा मी प्रयत्न केला. मागे एकदा कान पिळला होता, तो धरायचा की नाही. मी भिंतीकडे बघत होतो. तेही बहुधा भिंतीकडेच बघत असावेत, वेगळ्या भिंतीकडे. माझी मान, कान, कानामागचा भाग, सगळं तापलं होतं. सूज जर लाजेने उतरत असती तर मी त्या क्षणी बरा झालो असतो.

तेवढ्यात फोन वाजला. आईने तो आणून माझ्या कानाला लावला, कारण मला हलायचं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "शोकेस बदलायचीय. चढता येतंय का?" बाबांचा हात होता तिथेच होता. मी म्हणालो, "नाही. अजून नाही. कधी येईल तेही माहीत नाही." हे वाक्य इतकं साधं होतं की मी ते इतके दिवस का वाचवून ठेवलं होतं, कळेना. त्या म्हणाल्या, "बरं. मग त्यालाच लावते कामाला." थोडं थांबून, "त्या पुतळ्यांचे हात तेवढे खाली करायला सांगू ना?" "सांगा," मी म्हणालो. आईने फोन नेला. बाबांचा अंगठा कणभर हलला, आणि तो मुद्दाम हलला की बसून बसून अवघडला होता म्हणून, ते मी विचारलं नाही. "हं," ते म्हणाले. आज्ञा नव्हती ती. मी पावलं भिंतीकडे केली, कुणी ढकलल्यासारखी कंबर पुढे धरली, आणि त्या झोपलेल्याला सांगितलं. पाय उशीवर होता तसाच राहिला. पुन्हा सांगितलं. घाम. जबडा. आणि मग आत खूप खोल, बाबांच्या तळव्याखाली, काहीतरी फडफडलं. बंद खोलीतल्या पडद्यासारखं. लगेच विझलं.

बाबांचा श्वास थांबला. आई दारात उभी होती. "काही लागलं का हो?" "शूऽ," बाबा म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर शिट्टी फुंकली तो असा शूऽ म्हणाला. आई दाराला टेकली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तू पोटात होतास ना, तेव्हा तू लाथा मारायला लागलास की मी यांना हाक मारायची. हे असेच धावत यायचे, असेच हात धुऊन. आणि यांचा हात लागला रे लागला की तू गप्प. एकदाही लागू दिलं नाहीस. चार-चार दिवस रुसून बसायचे. म्हणायचे, याला मी आवडत नाही." "काहीतरीच," बाबा म्हणाले, पण हात काढला नाही. मी भिंतीकडेच बघत होतो. भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता आणि तो मला एकाएकी नीट दिसेनासा झाला. मी पुन्हा सांगितलं. पाय उशीवरून उठला नाही, कागद सरकेल एवढाही नाही. दारातून आईला काही दिसलं नसेल, आणि काचेपलीकडून तर कुणालाच दिसलं नसतं. शोकेसमध्ये ठेवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आत ते पुन्हा फडफडलं, या वेळी जरा जास्त वेळ. बाबांच्या तळव्याला ते लागलं. मला कळलं, कारण तळवा हलकेच दाबला गेला, आणि मी थांबलो नाही.